शास्त्रज्ञाबरोबर माळावर: शिक्षकाने काय न्यावे, काय आणावे

(अभ्यासलेख)

वडवणी तालुक्यातील पाचवीच्या मुलाला सिंह, जिराफ आणि पेंग्विन चित्रावरून ओळखता येतात. त्याच मुलाच्या शाळेमागे बालाघाटच्या डोंगराकडे जाणारा जो उघडा माळ आहे, तिथे उन्हाळ्यात माळटिटवी घरटे न बांधता मातीवरच अंडी घालते. पावसाच्या सुरुवातीला चंडोल गात गात आकाशात चढतो. संध्याकाळी रातवा पायवाटेवर बसलेला असतो आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही. यांतले किती प्राणी शाळेत ओळखीचे आहेत? वर्गात एखादे पारधी समाजाचे मूल असेल तर त्याला यांतले निम्मे तरी आवाजावरून कळतात. पण परीक्षेत ते कोणी विचारत नाही आणि मूलही सांगत नाही. सांगितले तर "शिकार करता काय रे?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

या अंकातील अभ्यासाचा विषय आहे शिक्षक आणि शास्त्रज्ञांची एकत्र रानमोहीम. पुष्कळ देशांत शास्त्रज्ञ प्राण्यांच्या जाती शोधायला निघतात तेव्हा शाळेचे शिक्षकही बरोबर नेले जातात. अमेरिकेत समुद्र आणि हवामानाचे काम पाहणारे सरकारी खाते १९९० पासून 'टीचर ॲट सी' नावाची योजना चालवते. शिक्षक काही दिवस संशोधनाच्या जहाजावर राहतो, मासे मोजतो, नोंदी लिहितो आणि ते काम वर्गात नेतो. आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे आणि तो मराठी माणसानेच उभा केला. त्याकडे पुढे येऊ. आधी 'नवी जात सापडली' म्हणजे नेमके काय होते ते पाहू, कारण वर्तमानपत्रात वाचताना त्याचा अर्थ बहुधा चुकीचा घेतला जातो.

आपल्या राज्यातले सर्वांत बोलके उदाहरण रानपिंगळ्याचे आहे. हे एक लहान घुबड. गावात वडा-पिंपळावर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्यासारखेच, पण अंगाने भरलेले. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. शेपटीवर रुंद पट्टे, आणि दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शेपटी हलवण्याची सवय. १८७२ साली आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात ब्लेविट यांना त्याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचे नाव दिले. हेच ह्यूम पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत होते. नंतर खानदेशात काम करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी कोणालाच दिसला नाही.

म्हणजे खरे तर 'दिसला' असे एकाने सांगितले होते. मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातमध्ये मांडवीजवळ तो मिळवला, अशी चिठ्ठी बांधलेला नमुना संग्रहालयात होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून सालिम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारखे पक्षितज्ज्ञ चुकीच्या जागी शोधत राहिले आणि रिकाम्या हाताने परतले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या शास्त्रज्ञ बाईंनी जुने नमुने एकेक करून तपासले. त्यांना आढळले की तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता, संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठीसह ठेवलेला. खोटी चिठ्ठी बाजूला पडली तेव्हा खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे उरली. त्या आणि त्यांचे सहकारी आधी मध्य भारतात शोधून, हाती काही न लागता, आपल्या नंदुरबारच्या बाजूला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग यांना तो एका उघड्या फांदीवर बसलेला दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. पुढे तो तोरणमाळला, यावलला, मेळघाटात आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही नोंदला गेला. सर्वांत जास्त संख्या मेळघाटात, कोरकू बांधवांच्या गावांच्या आसपासच.

ही गोष्ट मुलांना सांगताना बहुतेक जण '११३ वर्षांनी सापडला' यावर थांबतात. माझ्या मते तिचा गाभा चिठ्ठीत आहे. एका माणसाने कागदाच्या लहानशा तुकड्यावर खोटी जागा आणि खोटी तारीख लिहिली आणि पुढच्या दोन पिढ्या भटकल्या. दुसऱ्याने खरे लिहून ठेवले होते म्हणून शंभर वर्षांनी पक्षी मिळाला. नोंद करणे हे धाडसाचे काम दिसत नाही, पण खरी साक्ष आणि खोटी साक्ष यांतला फरक आपल्या मंडळीतल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. विज्ञानात तो फरक असा दिसतो.

आणखी एक प्रश्न उरतो. तो पक्षी दिवसा उघड्या फांदीवर बसतो, त्या रानात भिल्ल आणि पावरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ११३ वर्षे तो 'हरवला' होता तो कोणासाठी?

याचे उत्तर आंध्र प्रदेशातील दुसऱ्या पक्ष्याने दिले आहे. जेर्डनचा धाविक. आपल्या माळावर जो धाविक दुडूदुडू पळतो त्याचाच हा दुर्मीळ, रात्री फिरणारा भाऊबंद. १८४८ च्या सुमारास डॉक्टर जेर्डन यांनी त्याची नोंद केली, १९०० साली अनंतपूरजवळ तो शेवटचा दिसला, आणि मग नामशेष झाला असेच धरले गेले. १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने शोध सुरू केला. भारत भूषण हे तरुण संशोधक कडप्पा भागात फिरत होते, गावकऱ्यांना पक्ष्याचे चित्र दाखवून विचारत होते. जानेवारी १९८६ मध्ये ऐतन्ना नावाच्या स्थानिक फासेवाल्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो पक्षी पकडून आणला. वृद्ध सालिम अली बातमी ऐकून धावत गेले. तो एक पक्षी जगला नाही, पण जात जिवंत असल्याचे सिद्ध झाले आणि पुढे त्या झुडपी रानाला श्रीलंकामल्लेश्वर अभयारण्याचे संरक्षण मिळाले. तेलुगूत या पक्ष्याला 'कलिवि कोडी' म्हणतात, म्हणजे कलिवीच्या झुडपाखालची कोंबडी. नावातच त्याचा पत्ता आहे.

ज्याला आपण शिकारी म्हणून नाव ठेवले असते त्याच्या डोळ्यांनी तो पक्षी विज्ञानाला परत मिळाला. पण केवळ डोळ्यांनी नव्हे. ऐतन्नाला कोणीतरी चित्र दाखवून आदराने विचारले, आणि त्याने जे आणले त्याचे मोल ओळखणारे कोणीतरी तिथे होते. दोन प्रकारचे ज्ञान एका जागी आले. आपल्या गावांत हे दोन्ही ज्ञान असणारी माणसे एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यांच्या मध्ये उभा राहू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे गावचा शिक्षक. त्याला पुस्तकाची भाषा येते आणि मुलांच्या घरचे अंगणही त्याला परके नसते.

मध्ये उभे राहण्याचे हे काम करणारा एक जण आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात होऊन गेला. रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) हे अमेरिकन मराठी मिशनचे सेवक. नगर जिल्ह्यातील वडाळा मिशन हे नाव वाचकांच्या परिचयाचे आहे, तिथे त्यांनी दीर्घकाळ काम केले. खेड्यांतल्या शाळा आणि मंडळ्या सांभाळताना ते पक्षी, शिंपले आणि वनस्पतीही गोळा करीत आणि नोंदवीत. खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर या भागांतील पक्ष्यांची त्यांची यादी १८७६ साली ह्यूम यांच्याच 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापून आली. दक्षिणेतील पळणी डोंगरातून त्यांनी मिळवलेल्या एका पक्ष्याला ब्लॅनफर्ड यांनी १८६९ साली फेअरबँक यांचे नाव दिले. आजही तो पक्षी त्याच नावाने ओळखला जातो. आपल्या मिशनच्या इतिहासात शाळा, दवाखाने, छापखाने यांची आठवण पुष्कळ केली जाते. हा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, याचे मला नेहमी नवल वाटते. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामापुढे प्राणी आणले जातात ते नावे देण्यासाठी. ते वाचणाऱ्या माणसाला माळावरचा चंडोल परका का वाटावा?

आता त्या मराठी प्रयोगाकडे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना त्यांनी १९९० च्या दशकात पश्चिम घाटातील महाविद्यालयीन शिक्षकांचे एक जाळे विणले. जीवशास्त्र शिकवणारे शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी आपापल्या भागातील रान, गवत, शेत, ओढे यांची ठरावीक पद्धतीने पाहणी करीत आणि शास्त्रज्ञांबरोबर ती पडताळून पाहत. १९९६ साली 'करंट सायन्स'मध्ये गाडगीळ यांनी या प्रयोगाविषयी लिहिले. यामागचा विचार साधा होता. एवढा मोठा घाट बाहेरून येणाऱ्या मूठभर शास्त्रज्ञांच्या दौऱ्यांनी कधीच पाहून होणार नाही. तिथे राहणारा शिक्षक मात्र तेच तळे जूनमध्येही पाहतो आणि जानेवारीतही. पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्यात लोक जैवविविधता नोंदवही आली, तिच्यामागेही याच विचाराची मशागत आहे.

शिक्षक स्वतः शास्त्रज्ञ होऊ शकतो याचेही उदाहरण आहे. पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावाने सह्याद्रीतील एका लहान झुडुपी बेडकाला २०१३ साली 'राओर्चेस्टिस घाटेई' हे नाव मिळाले.

पण सह्याद्रीत पाऊस आहे, जंगल आहे. वडवणीच्या कोरड्या माळावर काय सापडणार, असे कोणी म्हणेल. सरकारी कागदावर अशा जागेला बहुतेक वेळा 'पडीक' म्हणतात, आणि हा शब्द आपण सर्वांनी फार सहज स्वीकारला आहे. कुसळी आणि मारवेलीचा माळ हे पडलेले शेत नव्हे, ती एक स्वतंत्र राहण्याची जागा आहे. लांडगा, खोकड, काळवीट, तित्तर, लावा, पखुर्डी, धाविक ही सर्व माळाचीच लेकरे. दाट झाडी लावून त्यांचे भले होत नाही, उलट घर जाते. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे नायगावला मोरांसाठी १९९४ साली अभयारण्य झाले, ते सर्वांना माहीत आहे. मोराला ओळखण्यासाठी कोणाला मोहिमेवर जावे लागत नाही. माळावरच्या बारीक जीवांना जावे लागते.

एकच दाखला देतो. गळ्याखाली रंगीत पंखा उघडून मादीला बोलावणारा लहान सरडा दख्खनच्या उघड्या माळावर राहतो. अशा सगळ्या सरड्यांना फार काळ एका-दोन नावांखाली ढकलले जात होते. दीपक वीरप्पन, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे सरडे शेजारी ठेवून त्यांचे पाय, खवले, पंख्याचा आकार आणि जनुके तपासली, आणि २०१६ साली पाच नव्या जाती जगापुढे मांडल्या. त्यांत एका संपूर्ण नव्या प्रजातीगटाला त्यांनी जे शास्त्रीय नाव दिले ते आहे 'सरडा'. आपला मराठी शब्द, जसाच्या तसा! त्यातली 'सरडा सुपर्बा' ही जात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्यावरची आहे, जिथे पवनचक्क्या पाहायला सहली जातात. त्या सहलीत किती मुलांनी पायाखाली पाहिले असेल?

म्हणून नवी जात 'सापडते' ती पुष्कळदा अशी. अनोळखी जंगलात अचानक समोर येते असे नाही. रोजच्या ओळखीची वस्तू कोणीतरी नीट पाहते, दुसऱ्या ठिकाणच्या वस्तूशी ताडते, मोजते, लिहिते, इतर तज्ज्ञांकडून तपासून घेते, आणि मग नाव मिळते. यात वर्षे जातात. मोहिमेवर गेलेल्या शिक्षकाने मुलांना हे सांगितले पाहिजे. नाहीतर चार दिवसांत काहीच 'नवे' न मिळाल्याने मुलांचा विरस होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख आमच्या पत्रकात येतो तिच्याकडे. फासेपारधी हे नाव फाशावरून आले. घोड्याच्या केसांचे किंवा तातीचे फासे, तित्तराची हुबेहूब साद, पाळलेल्या गाई-बैलाच्या आडून काळविटाच्या कळपाजवळ जाणे, या त्यांच्या पिढीजात विद्या. इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार हा शिक्का मारण्याची वाट खुली केली. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा मोडीत काढला. शिक्का मात्र माणसांच्या मनातून पुसला गेला नाही. नंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते आवश्यकच होते. पण ज्यांची विद्या आणि भाकरी त्या शिकारीत होती त्यांना पर्याय फार थोड्यांनी दिला. आज त्यांतल्या आजोबांना माळाची जी माहिती आहे ती नातवाकडे जात नाही, कारण ती सांगणे म्हणजे जणू कबुलीजबाब.

अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेने वेगळी वाट धरली. तिने फासेपारधी बांधवांबरोबरच गवताळ माळ राखायला घेतला. तिथे तणमोर हा अत्यंत दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात येतो. नर गवतातून उंच उडी घेतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. असा पक्षी शोधायला गवत वाचता येणारी माणसेच लागतात. पूर्वी ज्या नजरेने फासा लावला जाई, तीच नजर आता राखणीला लागली आहे.

वडवणीतही हे होऊ शकते, पण एक धोका आधी ओळखायला हवा. मोहिमेवरचा शिक्षक वहीत काय लिहितो याला इथे दुहेरी वजन आहे. 'अमुक आजोबांनी या झुडपात तित्तर दाखवला' असे लिहिले तर त्या आजोबांचे नाव ज्ञान देणाऱ्याच्या जागी येते. 'अमुक आजोबा इथे तित्तर धरीत' असे लिहिले तर तोच कागद उद्या त्यांच्या दारात पोलीस आणू शकतो. जुन्या शिकारीच्या गोष्टी ऐकाव्यात, वहीत घालू नयेत. आणि नाव लिहायचे की नाही हे त्यांनाच विचारावे, लिहिलेले त्यांच्याच भाषेत वाचून दाखवून. ऐतन्नाचे नाव आज पक्षिशास्त्राच्या इतिहासात आहे, कारण कोणीतरी ते प्रामाणिकपणे नोंदले. कितीतरी मोहिमांच्या अहवालांत अशी माणसे 'स्थानिक वाटाड्या' एवढ्या दोन शब्दांत संपतात.

काळवेळही नीट निवडावी लागेल. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही कोपीवर जातात. म्हणून हिवाळ्यातली मोहीम, पाहुण्या शास्त्रज्ञांना कितीही सोयीची असली तरी, ज्यांच्यासाठी ती करायची त्या मुलांशिवायच पार पडेल. जून ते सप्टेंबर हाच काळ योग्य. तेव्हा मुले गावात असतात, माळ हिरवा असतो, सरडे पंखे उघडतात, कुंडलिकेच्या काठचे बेडूक ओरडतात.

खर्च फार नाही. दोन चांगल्या दुर्बिणी, मराठी नावे असलेले एक पक्षिपुस्तक, वह्या, विजेरी. मोबाइल शिक्षकाकडे असतोच, त्यावर आवाज आणि छायाचित्र दोन्ही घेता येतात. कोणताही जीव पकडू नये, अंडी हलवू नयेत, दगड उचलला तर होता तसाच ठेवावा. नमुना गोळा करायला शासनाची परवानगी लागते आणि ते काम शास्त्रज्ञाचे आहे. साप आणि विंचू यांच्या बाबतीत मुलांना हात मागे बांधून पाहायला शिकवावे. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे मिळाले तर त्याची जागा व्हॉट्सॲपवर टाकू नये, शास्त्रज्ञाला आणि वनखात्याला कळवावी. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि नोंदवही असावी असे कायदा सांगतो. शिक्षकाने ती नोंदवही मागून पाहावी. अनेक ठिकाणी ती घाईघाईत, दुसऱ्या गावाची नक्कल केल्यासारखी भरलेली असते. मुलांच्या खऱ्या नोंदी तिच्यात जाव्यात.

वहीचे पहिले पान असे आखावे. तारीख आणि वेळ. जागा, गावात जे नाव चालते त्याच नावाने, म्हणजे कोणाचा बांध, कोणता ओढा. काय दिसले किंवा ऐकू आले, नाव माहीत नसेल तर रंग, आकार, चाल. मराठीत काय म्हणतात, पारधी बोलीत काय, बंजारा बोलीत काय. आणि शेवटचा रकाना रुंद ठेवावा: 'प्रथम कोणी दाखवले'.